मिक्सर ओढायचाय, मुलंही सोडायचीत: पिकअप डिझेलची घेऊ की गॅसची?

जांबोटी भागातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

‘मी स्लॅबची कामं घेतो. स्वतःचा हॉपरवाला मिक्सर आहे, दोन चाकांचा. आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरला जोडून न्यायचो, आता स्वतःची पिकअप घ्यायचा विचार चाललाय. दिवाळीपासून मिरगापर्यंत आठवड्याला एक-दोन स्लॅब असतात. बहुतेक खानापूर तालुक्यात, कधी चंदगडात, आणि गोव्यात साखळी-वाळपईकडून पण बोलावणं येतंय. बाकीच्या दिवशी सिमेंट, सळी, सेंट्रिंगच्या प्लेटा न्यायच्या आणि रोज दोन्ही मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडायचं. बेळगावातला मेहुणा म्हणतोय गॅसची घे, निम्म्या खर्चात चालतीया. मिक्सरवाले सगळे डिझेलच म्हणत्यात. मोबाईलवर बघितलं तर अमेरिकेत पेट्रोलच्या पिकअप घरं ओढत्यात. गॅस भरायला मला बेळगावलाच यावं लागतंय. स्लॅबच्या दिवशी आठ-दहा माणसं संगट असतात. बायकोला पण गाडी शिकायची आहे. काय करू?’

मेस्त्री, डिझेल घ्या, आणि जमलं तर डबल केबिनची घ्या. मात्र त्या गाडीनं मुलांना शाळेत सोडू नका. ही शेवटची गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल, पण पैसे वाचवायचे असतील तर सगळ्यात आधी तीच नीट समजून घ्या. तिच्याकडे येतोच. आधी ओढण्याचं बोलू.

तुमच्या मिक्सरचं वजन किती आहे हे पत्रात नाही. बहुतेक मेस्त्रींना ते माहीत नसतं, कारण ट्रॅक्टरच्या मागं कोण विचारतो! पिकअप घ्यायच्या आधी एकदा वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. हॉपरवाला एका पोत्याचा मिक्सर टनाच्या आसपास भरतो, त्यात इंजिन, लोखंडी दोर आणि आत चिकटून दगड झालेलं काँक्रीट धरलं तर आकडा आणखी वर जातो. त्या मिक्सरच्या चाकांना पाटे नसतात, ब्रेकही नसतात. म्हणजे तो जोडला की तुमचा वेग वीस-पंचवीसच्या वर जायला नको, मग पुढं कुठलीही गाडी असो. जांबोटी-कणकुंबीकडच्या चढांवर या वेगानं जायचं म्हणजे पहिला नाहीतर दुसरा गिअर, आणि इंजिन कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर).

डिझेल आणि गॅस, म्हणजे सीएनजी, यांच्यातला खरा फरक नेमका इथं दिसतो. डिझेल इंजिन हवा सोळा-अठरा पट दाबतं, ती इतकी तापते की तेल फवारलं की आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिन नऊ ते अकरा पट दाबतं आणि ठिणगीवर चालतं. वर डिझेलला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असतो, त्यामुळं कमी फेऱ्यांवरच ओढ (टॉर्क) मिळते. एकाच कंपनीच्या दोन गाड्या बघा. टाटा इंट्रा व्ही-२० ही पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी, तिची ओढ पेट्रोलवर १०६ न्यूटन-मीटर आणि गॅसवर ९५. डिझेलच्या व्ही-५० ची ओढ २२०, आणि तीसुद्धा १७५० फेऱ्यांपासून. दुपटीहून जास्त. त्या गाड्या एका मापाच्या नाहीत हे खरं, पण छोट्या पिकअपमध्ये गॅस घ्यायची म्हटली की असलंच छोटं इंजिन पदरात पडतं.

कमी ओढीच्या गाडीला मिक्सर जोडून चढावर थांबवलं की काय होतं बघा. समोरून एसटी आली, तुम्ही कडेला घेतलं, आता पुन्हा उचलायचंय. ॲक्सिलरेटर दाबून क्लच हळूहळू सोडता, गाडी थरथरते, इंच-इंच सरकते, आणि केबिनमध्ये जळक्या रबरासारखा वास येतो. तो क्लच प्लेटचा वास. असे दहा-बारा चढ झाले की प्लेट गेली, आणि मेहुण्यानं सांगितलेली बचत गॅरेजच्या बिलात जमा.

अमेरिकेतले व्हिडिओ खोटे नाहीत. तिथल्या फोर्ड एफ-१५० मध्ये साडेतीन लिटरचं, दोन टर्बो बसवलेलं पेट्रोल इंजिन मिळतं, आणि ते पाच टनांहून जास्त ओढतं. तिथं डिझेल की पेट्रोल हा वाद बरोबरीचा आहे, कारण ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, रस्ते रुंद, आणि पेट्रोलही तिथं स्वस्त. आपल्याकडं मिळणाऱ्या एक-दीड टनी पिकअपमध्ये तसलं इंजिन नाही. त्यांचा निकाल आपल्याला लागू करता येत नाही.

आता मेहुण्यांचं. ते खोटं सांगत नाहीत. रविवार पेठेतून किराणा उचलायचा, शहापूर-वडगाव-अनगोळात पोहोचवायचा, दिवसभर चालू-बंद, रस्ता सपाट, पंप जवळ: या कामाला मीसुद्धा गॅसच सांगेन. गॅस स्वच्छ जळतो, ऑइल लवकर काळं होत नाही, डिझेलसारखी फिल्टरची भानगड नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट करून घेतली आणि प्लग वेळेवर बदलले की झालं.

पण तुमचा हिशेब वेगळा येतो. हिशेबापुरतं धरू की डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडीचं ॲव्हरेज १२. किलोमीटरला साडेसात रुपये पडले. गॅस ८५ रुपये किलो आणि ॲव्हरेज १६ धरलं तर सव्वापाच-साडेपाच. फरक दोन-सव्वादोन रुपयांचा. महिन्याला हजार किलोमीटर रनिंग असेल तर दोन हजारांच्या थोडं वर वाचतात, ‘निम्मा खर्च’ काही होत नाही. त्यातून जांबोटी ते बेळगाव जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे नुसत्या गॅससाठीच्या एका फेरीला सव्वातीनशे रुपये आणि अर्धा दिवस. महिन्यात अशा तीन फेऱ्या झाल्या तर वाचलेल्यातले जवळपास निम्मे तिथंच गेले. सिमेंट आणायला बेळगावला जाल तेव्हा भरून घ्याल हे ठीक, पण पंपावर रांग असते, आणि जिथं पाइपलाइन नसून गॅस गाडीनं आणून देतात तिथं दाब उतरला की सिलिंडर पूर्ण भरत नाही. सिलिंडर भरतो तो २०० बार दाबाला, दाब कमी तर गॅस कमी. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी हे झालं तर दहा माणसांचा रोज अंगावर येतो. तुमचे स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब एकदा कागदावर मांडा. आकडे बदलले तरी पंपाच्या फेरीचा खर्च त्यात धरायला विसरू नका.

दराचंही बोलून टाकू, कारण सीमाभागात त्यावर तासन्‌तास चर्चा होते. कर्नाटकानं १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरचा विक्रीकर २१.१७ टक्के केला, तेव्हा इथला दर लिटरला दोनेक रुपयांनी चढला. कोगनोळीच्या अलीकडं भरायचं की पलीकडं, शिनोळीला भरायचं की बेळगावात, हे वाटेवर असेल तर बघा. लिटरमागच्या एक-दोन रुपयांसाठी वाट वाकडी करू नका.

आता शाळेचं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी आली, डीपीएफ म्हणतात तिला. इंजिनची काजळी ती अडवून धरते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवते आणि काजळीची राख करते. हे व्हायला इंजिन चांगलं तापलेलं हवं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालायला हवी. तुमची शाळा दोन किलोमीटरवर. सकाळी थंड इंजिन चालू केलं, पाच मिनिटांत शाळा आली, बंद. परत येताना तेच. संध्याकाळी पुन्हा तेच. इंजिन कधी तापतच नाही, काजळी मात्र रोज साठते. साफसफाई सुरू झाली तरी मध्येच चावी फिरवून तुम्ही ती तोडता. मग त्यासाठी फवारलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

हे घरच्या घरी तपासता येतं. आठवड्यातून एकदा सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी होणं आपल्याला कळतं, पण बीएस-६ डिझेलमध्ये ऑइलची पातळी वर चढलेली दिसली तर ती धोक्याची खूण. बोटावर घ्या, पातळ लागेल, डिझेलचा वास येईल. तसं ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही. लगेच बदला आणि जाळी तपासून घ्या. ऑइलसुद्धा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, डीपीएफला चालणारं. बॅरलमधलं सुटं ऑइल या इंजिनात नको.

म्हणून मुलांसाठी स्कूटर ठेवा. दोन किलोमीटरला ती सगळ्या अर्थानं बरी. पिकअप निघेल ती कामाला निघू दे. एक गैरसमजही काढून टाकतो: लोड ओढल्यानं जाळी तुंबत नाही. मिक्सर घेऊन चढ चढताना वेग कमी असला तरी इंजिन तापलेलं असतं, धूर गरम असतो, जाळीला ते मानवतं. तिला मारतात त्या रिकाम्या गाडीच्या छोट्या-छोट्या फेऱ्या. पावसाळ्यात तुमचं स्लॅबचं काम थांबतं, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी खानापूर किंवा बेळगावपर्यंत पन्नास-साठच्या वेगानं एक सलग फेरी होऊ दे. मीटरवर जाळीचा दिवा लागला तर त्याच दिवशी. कुणी गॅरेजवाला ‘जाळीच काढून टाकू, कटकट मिटली’ म्हणाला तर तिथून निघा. ते बेकायदेशीर आहे, आणि पुढं पीयूसीत, फिटनेसला नाहीतर गाडी विकताना अडकाल. गाडी घेताना शोरूममध्ये हेही विचारा, की हिला यूरिया (खताचा नव्हे, धूर साफ करायचं द्रावण) भरावा लागतो का. काही डिझेलना लागतो, काहींना नाही. लागत असेल तर तो कुठं मिळतो ते आधी बघा.

सेकंडहँड बीएस-४ डिझेल घेतली तर ही जाळीची भानगड बहुतेक नसते, आणि तुमच्यासारखे बरेच जण म्हणून त्यांच्या मागे असतात. वाईट विचार नाही, पण त्या गाड्या आता २०२० च्या आधीच्याच आहेत. आठ वर्षं झाल्यावर फिटनेस दर वर्षी करावं लागतं. कोल्हापूर पासिंगची स्वस्त मिळतेय म्हणून एमएच-०९ आणलीत तर बारा महिन्यांच्या वर ती इथं ठेवायची असल्यास नोंदणी केए-२२ मध्ये, म्हणजे बेळगावला बदलावी लागते, एनओसी आणि इथला कर आला. ते सगळं धरून किंमत बघा.

नवी असो की जुनी, आरसीवर एकूण वजन, म्हणजे लोड धरून पास झालेलं वजन, किती आहे ते वाचा. ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला मोटर वाहन कायद्यानं परमिट लागत नाही. तुमचं काम चंदगडात आणि गोव्यातही असतं, म्हणून तुम्हाला याचा फायदा खरा. त्याच्या वरची गाडी घेतलीत तर प्रत्येक राज्याच्या सीमेवर परमिटचा प्रश्न येईल. विमा, पीयूसी, फिटनेस, कर हे मात्र कुणालाच सुटत नाहीत.

मिक्सर जोडायचा हुक बंपरला वेल्ड करून घेऊ नका. तो चेसीसला बोल्टनं बसवायचा. कंपनी या गाडीला किती वजन ओढायला परवानगी देते ते गाडीच्या पुस्तकात नसेल तर डीलरकडून लेखी घ्या, आणि विमा कंपनीलाही मिक्सर जोडून नेणार असल्याचं कळवा. मग उद्यमबागेत चांगला फॅब्रिकेटर गाठा. पिनला लॉक हवं आणि पिन तुटलीच तर मिक्सर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या हव्यात. मागं दिवे आणि चमकणारी पट्टी लावा, जांबोटीच्या रस्त्यावर धुकं आणि पाऊस असताना बिनदिव्याचा मिक्सर कुणाला दिसणार? दोन चाकी मिक्सरच्या दांडीवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यायला हवा, बाराशे किलोला सव्वाशेच्या आत-बाहेर. दांडी एका माणसानं सहज उचलली तर वजन मागं कललंय, गाडी डोलणार. फारच जड असेल तर पिकअपचं पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. मिक्सर जोडलेला असताना हौद्यात सिमेंटही ठासून भरायचं नाही, दांडीचं वजन हौद्याच्या लोडमध्येच धरायचं.

उतारावर इंजिन कुठलंही असलं तरी मिक्सर मागून ढकलणारच, आणि त्याला थांबवणारे ब्रेक तुमच्या गाडीचेच. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. तेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय आपल्याकडं फार आहे. आजच्या इंजिनमध्ये त्यानं तेलही वाचत नाही: गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिन तेल पूर्ण तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायला जाळतच राहतं. आणि म्हणूनच चोर्ला घाटातून हा मिक्सर जोडून गोव्यात उतरू नका. बिनब्रेकचं टनभर लोखंड घेऊन त्या वळणांवर उतरणं कुठल्याच पिकअपला शोभणारं काम नाही, डिझेलच्याही नाही. साखळी-वाळपईचं काम घेतलंत तर मिक्सर तिथंच भाड्यानं घ्या, नाहीतर ट्रकमध्ये चढवून न्या, आणि तो खर्च कामाच्या दरात धरा.

पत्रात तुम्ही ‘आठ-दहा माणसं संगट असतात’ एवढंच लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. स्लॅबच्या सकाळी आपल्या रस्त्यांवर काय दिसतं ते तुम्हालाही माहीत आहे: हौद्यात पाट्या-फावड्यांवर बसलेल्या बाया, आणि मिक्सरच्या दांडीवर पाय टाकून उभा असलेला एखादा पोरगा. खड्डा आला, पाय सरकला, तर तो पडतो थेट चाकाखाली. चालवणाऱ्याला कळतही नाही. कृपा करून मिक्सरवर आणि दांडीवर एकही माणूस बसवू नका, ‘इथंच तर जायचंय’ म्हणूनसुद्धा नाही. मालगाडीच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यानं चालत नाही आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग त्या माणसाचं घर आणि तुमचं घर दोन्ही उघड्यावर.

डबल केबिन म्हणालो ते यासाठीच. बोलेरो कॅम्परसारख्या गाडीत ड्रायव्हर धरून पाच जण सीटवर बसतात, मागं हौदाही राहतो. हौदा साध्या पिकअपपेक्षा लहान, सळी मावायची नाही, ती दुकानदाराच्या टेम्पोनं मागवा. तुम्ही आणि चार कसबी गवंडी गाडीत, बाकीची माणसं वडापनं किंवा एसटीनं. त्यांच्या तिकिटाचे पैसे तुम्ही द्यायचे. रविवारी घरच्यांना घेऊन बाहेर पडायलाही हीच गाडी कामाला येते. डबल केबिनच्या गाड्या डिझेलमध्येच मिळतात बहुतेक, त्यामुळं तिथंही निवड तीच येते.

वहिनींनी जरूर शिकावं. वेगळ्या लायसनची गरज नाही: ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या, एलएमव्हीच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. आधी रिकाम्या गाडीवर, मिक्सर न जोडता, सपाट रस्त्यावर हात बसू दे. रिव्हर्स मागं काही जोडलेलं नसतानाच शिकायचा. मिक्सर जोडून मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते पुढं केव्हातरी मोकळ्या माळावर.

आगाऊ रक्कम भरण्याआधी शोरूमवाल्यांकडून डेमोची गाडी मागा, हौद्यात सिमेंटची पंधरा-वीस पोती टाका आणि जांबोटीकडच्या एखाद्या चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलून बघा. रिकामी गाडी बेळगावच्या सर्कलला फिरवून आणली तर त्यातून काही कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर फार वेळ न राहता ती उचलली तर घ्या.